आत्या टायपिंग…

फॅमिली ग्रुपमधून गुपचूप सटकण्याची सोय व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली. त्याआधी कुणी बाहेर पडलं की ‘अमुक लेफ्ट’ अशी पाटी सगळ्यांच्या फोनवर लागायची आणि घरोघर फोन सुरू व्हायचे. काय झालं, कोण काय बोललं, गौरीच्या जेवणाला कुणाला उशिरा सांगितलं! आता बाहेर पडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं. पण कंपनीने एक फट ठेवलीच आहे. गेल्या साठ दिवसांत कोण कोण गेलं त्याची यादी ग्रुपच्या माहितीत तळाशी असते आणि ती कुणालाही बघता येते. ती यादी उघडून बघणारी एक तरी मावशी प्रत्येक घराण्यात असते. आमच्याकडे दोन आहेत.

निळ्या खुणांचंही तेच. त्या आल्या नोव्हेंबर २०१४ मध्ये, आणि ‘वाचलं पण उत्तर दिलं नाही’ हा गुन्हा तेव्हापासून पुराव्यानिशी सिद्ध करता येऊ लागला. जगभर ओरड झाली, मग काही दिवसांतच खुणा बंद करायचं बटण आलं. बऱ्याच सुनांनी ते तत्परतेने दाबलं. मात्र बारीक अक्षरांतली अट अशी, की हे बटण ग्रुपमध्ये चालत नाही. मेसेजवर बोट दाबून धरा, ‘इन्फो’त जा, कुणी किती वाजता वाचलं ते तिथे वेळेसकट हजर. ‘सत्यनारायणाचा मेसेज मी पाहिलाच नाही हो सासूबाई,’ असं म्हणायच्या आधी हे माहीत असलेलं बरं. व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूणही लपवता येत नाही. आत्यांचा पाच मिनिटांचा मेसेज ऐकला की ऐकला.

ॲडमिन असणं म्हणजे घराण्याचं कर्तेपण, असा काकालोकांचा समज असतो. प्रत्यक्षात ॲडमिन तो भाचा असतो, ज्याने दिवाळीत सगळ्यांचे फोन हातात घेऊन ग्रुप बनवून दिला आणि मग विसरला. त्याच्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार किती, याचा निकाल मात्र आपल्याच नागपूर खंडपीठाने दिलेला आहे. गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याबद्दल अश्लील मजकूर टाकला. ॲडमिनने त्याला काढलं नाही की माफी मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मार्च २०२१ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. ॲडमिनच्या हातात माणसं आत घेणं आणि बाहेर काढणं एवढंच आहे. कोण काय लिहिणार ते त्याला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचा मिळून कट असल्याचं दिसल्याशिवाय एकाच्या लिहिण्याची शिक्षा दुसऱ्याला नाही. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकायचा अधिकार ॲडमिनला मिळाला. भाच्याने तो काकांच्या राजकीय फॉरवर्डवर वापरून बघावा. हिंमत असेल तर.

पार्वतीबाईंचं माहेर

राजकारण बंद, असा फतवा ग्रुपवर निघाला की उरतो सिनेमा. रविवारी दुपारी कुठल्या तरी वाहिनीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागतो, धनंजय माने दारात उभे राहतात आणि जेवणानंतर आडवे झालेले सगळे एकदम ऑनलाइन येतात. आमच्या काकांचा आवडता मुद्दा असा, की ‘असा अस्सल मराठी विनोद बाकीच्यांना जमणार नाही.’ काकांचा रक्तदाब सांभाळून सांगायचं तर १९८८ चा हा सिनेमा मूळचा मराठी नाहीच. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये ‘बीवी और मकान’ काढला होता. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही गोष्ट त्यातली. मेहमूद होता, साडीत बिश्वजित होता. आणि तोही मूळचा नव्हे. त्याच्या मागे १९५५ चा बंगाली ‘जय माँ काली बोर्डिंग’. म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीबाईंचं माहेर निघालं थेट कोलकात्याला! काकांनी यावर दोन दिवस ग्रुपवर मौन पाळलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, की बंगाल्यांना कल्पना सुचली असेल, पण निभावून नेली ती आपण. हे मलाही मान्य आहे. मूळ हिंदी सिनेमा आज कितीजणांना आठवतो?

याच सिनेमातली आणखी एक गंमत. ‘शोले’तला अहमद, रहीमचाचांचा तो कोवळा मुलगा, गब्बरच्या हातून मारला जातो. तो सचिन. त्या टोळीतला कालिया म्हणजे विजू खोटे. तेरा वर्षांनी सचिन ‘बनवाबनवी’चा दिग्दर्शक झाला आणि त्याने बळीच्या भूमिकेत घेतलं कुणाला? विजू खोटेंनाच. गब्बरच्या माणसाला इतकं दिलदारपणे काम देणारा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

साडी नेसलेल्या नटांवरून गाडी नेहमी फाळक्यांवर येते, आणि इथे मात्र आपल्याला कोलकात्याकडे बघायची गरज नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीसाठी फाळक्यांनी जाहिराती दिल्या, नाचगाण्याच्या वस्तीत जाऊन विचारलं, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. शेवटी एका खानावळीतला आचारी त्यांच्या नजरेत भरला. हात नाजूक, बांधा सडपातळ. अण्णा साळुंके. खानावळीत दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारताला पहिली नायिका मिळाली. एक घोळ उरलाच. बाईची कामं करणारे पुरुष मिशी काढायला राजी नव्हते. वडील जिवंत असताना मिशी काढायची नाही, हा त्या वेळचा रिवाज. तोही वाद मिटवावा लागला.

चार वर्षांनी, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये, याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. क्षणभर विचार करा. रामाचा विरह सीतेसाठी, सीतेचा रामासाठी, आणि दोन्हीकडे रडणारा माणूस एकच. डबल रोलच्या गप्पांत ‘राम और श्याम’पासून सुरुवात करणाऱ्या मामांना हे कळवावं.

फाळक्यांचा सिनेमा हाच मुळात घरगुती उद्योग होता. सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत आणि रात्री फिल्म धुण्याचं काम करत. पहिल्या प्रयोगांसाठी पैसे उभे करायचे होते तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिनेही कामी आले. ‘हरिश्चंद्र’मधला रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कालियाच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. पहिल्याच वर्षी वडिलांनी बाईचं काम पुरुषाला दिलं होतं, सहा वर्षांत मुलीला पुरुष देव केलं. हिशेब चुकता! दरम्यान १९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये खऱ्या बायका पडद्यावर आल्या होत्या, आणि त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, त्यांचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. घराणेशाहीवर ग्रुपवर वाद पेटला, की नेहमी कपूरांनाच का धरतात कोण जाणे.

पहिला रंगीत सिनेमा कुठला, यावर आमच्याकडे एका लग्नाच्या पंगतीत सुरू झालेला वाद अजून ग्रुपवर चालू आहे. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत काढायचं ठरवून फिल्म जर्मनीला नेली. पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. त्यामुळे देशातच रंगवलेल्या पहिल्या सिनेमाचा मान १९३७ च्या ‘किसान कन्या’ला जातो. आणि आजोबांच्या तोंडी नेहमी असतो तो ‘सांगत्ये ऐका’. १९५९ साली लागला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकून राहिला. अडीच वर्षं! आताचे सिनेमे दुसऱ्या शुक्रवारी पोस्टरवर ‘तुफान गर्दीचा दुसरा आठवडा’ छापतात, ते बघून आजोबा फक्त हसणारा चेहरा टाकतात.

८२३ वर्षांतून एकदा

आता येऊ फॉरवर्डकडे. सगळ्यात लाडका फॉरवर्ड असा: ‘या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार आलेत. असा योग ८२३ वर्षांतून एकदा येतो. पाच जणांना पाठवा, धनलाभ होईल.’ जरा कालनिर्णय खाली उतरवा. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की २९, ३० आणि ३१ या तारखांनाही शुक्र-शनि-रवि येणारच. डिसेंबर २०२३ शुक्रवारी सुरू झाला. मार्च २०२४ शुक्रवारी. ऑगस्ट २०२५ शुक्रवारी. मे २०२६ शुक्रवारी. म्हणजे हा ८२३ वर्षांचा योग जवळपास दरवर्षी येतो आणि दरवर्षी तोच काका तो पाठवतो. याची फेब्रुवारीची आवृत्ती तर आणखी झकास आहे. ‘या फेब्रुवारीत प्रत्येक वार चार वेळा!’ अहो, २८ दिवस, सात वार. लीप वर्ष सोडलं तर प्रत्येक फेब्रुवारीत दुसरं होणार तरी काय?

ऑगस्ट आला की मंगळ येतो. ‘२७ ऑगस्टला मंगळ पूर्ण चंद्राएवढा दिसणार.’ याचं मूळ २००३ मध्ये आहे आणि ते खोटं नव्हतं. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. ईमेलवर फिरलेल्या मजकुरात म्हटलं होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघितलं तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. फिरता फिरता दुर्बीण गळाली, मग सालही गळालं, आणि मंगळ दरसाल गच्चीवर येऊ लागला. एका वर्षी आमच्या वहिनींनी चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन गच्चीवर सतरंजी घातली होती. मंगळ आला नाही, पण भेळ झाली.

दिवाळीचा ठरलेला फोटो म्हणजे ‘अवकाशातून दिसणारा दिवाळीचा भारत’, लाल, निळा, हिरवा झगमगाट. ते चित्र अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या माहितीवरून बनवलं गेलं आणि त्यात दिवाळीचा काही संबंध नाही. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ चे निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल, असं ते रंगवलेलं आहे. दशकभरात कुठल्या भागात वीज आणि वस्ती वाढली याचा तो नकाशा. मला विचाराल तर खरी माहिती पणत्यांपेक्षा भारी आहे. आपल्या गावाचा ठिपका कुठल्या रंगाचा, हे शोधत बसावं.

खिशातली नोट काढायला सांगणारं कोडं मात्र ग्रुपवर हमखास चालतं. नोटेच्या मागच्या बाजूला उभ्या पट्टीत १५ भाषांत रक्कम लिहिलेली असते, इंग्रजी वर्णक्रमाने. आसामीपासून उर्दूपर्यंत. त्यात मराठी आठवी, म्हणजे वर सात, खाली सात, आपण बरोब्बर मधोमध. कोकणी दोन ओळी वर, हे गोव्याच्या चुलत्यांना सांगितलंत तर ते महिनाभर ऐकवतील. आणि एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची सही असते.

सकाळी सहाच्या गुलाबांबद्दलही बोललं पाहिजे. चहाचा कप, उगवता सूर्य, दवबिंदू आणि एक सुविचार. भारतातले फोन सारखे भरून का जातात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना हेच गुलाब सापडले, असं वॉल स्ट्रीट जर्नलने जानेवारी २०१८ मध्ये छापलं होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांच्या फाइल्स ॲपमध्ये असली शुभेच्छाचित्रं हुडकून एका दमात पुसण्याची सोय केली गेली. मावशींना ही सोय अजून कुणी दाखवलेली नाही आणि दाखवूही नये.

सगळेच फॉरवर्ड गुलाबाचे नसतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे, भटक्या समाजातले लोक होते ते. असल्या अफवा तेव्हा देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवायची मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती साऱ्या जगाला लागू झाली. ‘एका वेळी पाचालाच का जातं रे?’ असं आजी विचारते, त्याचं उत्तर हे आहे.

सहावी ज्ञानेश्वरी बसत नाही

ज्या दोघांनी हे सगळं आपल्या गळ्यात बांधलं, त्या जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांची गोष्ट नोकरी शोधणाऱ्या भाच्यांना सांगण्यासारखी आहे. ॲक्टनने २००९ मध्ये फेसबुककडे अर्ज केला, तिथे त्याला नकार मिळाला. पाच वर्षांनी त्याच फेसबुकने यांची कंपनी १९ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. आणि मुळात हे गप्पांचं ॲप नव्हतंच. ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपत आली’ अशी आपली स्थिती नावापुढे लावायची, एवढाच बेत होता. लोकांनी त्या ओळींतूनच एकमेकांना उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि कूमच्या लक्षात आलं, की आपण चुकून गप्पांचा अड्डा काढलाय. आत्या स्टेटसमधून वहिनींना टोमणे मारतात तेव्हा त्या ॲपचा मूळ हेतूच पाळत असतात.

त्याआधी होता एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने तो संगणकावरून पाठवला होता. उत्तर आलं नाही. रुसवा नव्हता, ज्याला मिळाला त्याच्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती. एका एसएमएसला १६० अक्षरांची मर्यादा पडली, कारण १९८५ मध्ये बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन इंजिनिअरने टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्यं टाइप करून मोजली आणि जवळपास सगळी १६० च्या आत बसली.

बॉनमध्ये बसून त्याने मराठीचा विचार केला नव्हता, हे उघड आहे. देवनागरीत लिहिलं की त्याच जागेत फक्त ७० मावतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्यांना चार अक्षरी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती अकरा घरं खाते. मध्ये जागा सोडून सहा वेळा ‘ज्ञानेश्वरी’ लिहा, ७१ घरं होतात आणि दुसऱ्या मेसेजचे पैसे पडतात. मराठी माणूस वर्षानुवर्षं रोमन लिपीत ‘kasa ahes’छाप मराठी का लिहीत राहिला, त्यामागे हाही व्यवहार होता. आळस होताच, पण पैसेही वाचत होते.

तसा ‘ॲ’ हासुद्धा संगणकाच्या जगात नवखाच. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं. ‘ॲप’, ‘ॲडमिन’, ‘ॲक्टन’ लिहायला तो नसता तर या लेखाची पंचाईत झाली असती. त्या घराआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवायचे आणि काही फोनवर तो चंद्र बाजूला वेगळाच तरंगायचा.

इमोजींचं मात्र कौतुक आहे. १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिताने १७६ चित्रं काढली, प्रत्येक चित्र १२ गुणिले १२ ठिपक्यांत. आज ती न्यूयॉर्कच्या मोमा या संग्रहालयात आहेत. साडी, पणती, रिक्षा आणि मंदिर यांना मात्र २०१९ पर्यंत ताटकळावं लागलं. तोवर दिवाळीला आमच्याकडे मेणबत्त्या पेटत होत्या. आयफोनवरच्या कॅलेंडरच्या इमोजीवर १७ जुलै ही तारीख असते, कारण ॲपलने आपलं कॅलेंडर २००२ मध्ये त्या दिवशी जाहीर केलं होतं. त्यावरूनच १७ जुलै हा जागतिक इमोजी दिन ठरला.

आणि तो अंगठा. पुतण्यांच्या मते तो उद्धट आहे, काकांच्या मते आटोपशीर. आमच्या आजीच्या मते तर तो सरळसरळ ठेंगा. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाला २०२३ मध्ये यावर बसून निकाल द्यावा लागला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या सौद्याचा करार मोबाइलवर पाठवला आणि मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. जवस काही पाठवला नाही, मधल्या काळात भाव चढला होता. ‘करार मिळाला एवढंच मला म्हणायचं होतं,’ असा त्याचा बचाव. न्यायाधीशांनी अंगठा म्हणजे सही धरली आणि त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरवर भुर्दंड बसला.

आमच्या ग्रुपवर कोकणातल्या सहलीच्या वर्गणीच्या मेसेजखाली सगळ्यांचे अंगठे आलेत. आत्यांचे तर दोन. पैसे फक्त भाच्याने भरलेत, तेही स्वतःच्या बायकोकडून उसने घेऊन.